गोंगाट नव्हे, विनंती

शास्त्रपाठ : मार्क १०:४६-५२

यरीहोच्या वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला बसलेला बार्तीमय आंधळा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रभु येशू त्या वाटेनें जात आहे असें कळतांच तो मोठ्यानें हाका मारूं लागला, आणि जमलेल्या पुष्कळांनीं त्याला दटावून गप्प बसविण्याचा प्रयत्न केला. जों जों ते दटावीत, तों तों तो अधिकच ओरडे. आवाज एकच होता. तो लोकांच्याहि कानीं पडला व प्रभूच्याहि कानीं पडला. लोकांस तो गोंगाट वाटला. प्रभूनें तो विनंती म्हणून ऐकिला. तो थांबला, त्यानें त्या मनुष्याला जवळ बोलाविलें, आणि आपण त्याच्याकरितां काय करावें अशी त्याची इच्छा आहे, हें त्यालाच विचारलें.

ह्या शास्त्रभागाच्या प्रकाशांत आज एका अशा सेवेचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे, कीं जिचें नांव आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत फारसें कोणीं ऐकिलें नसेल. ज्या मुलांची वाढ इतर मुलांप्रमाणें होत नाहीं, म्हणजे जीं स्वमग्न आहेत, ज्यांची बुद्धि मंद गतीनें वाढते, जीं डाउन सिंड्रोम घेऊन जन्मास आलीं आहेत, अशा मुलांस बोलणें, जेवणें, हात धुणें, आपलें दुखणें सांगणें, चौघांत बसणें हें सर्व धीरानें शिकविणाऱ्यांस वर्तनोपचारक म्हणतात. अमेरिकेंत हें काम पायऱ्यापायऱ्यांनीं वांटलेलें असतें. मुलाजवळ प्रत्यक्ष बसणाऱ्या नोंदणीकृत मदतनिसाला आरंभीं निदान ४० तासांचें शिक्षण घ्यावें लागतें. शिक्षणाची योजना आंखणारा पर्यवेक्षक विद्यापीठाची उच्च पदवी घेऊन व शेंकडों तास दुसऱ्याच्या देखरेखीखालीं काम करून तयार झालेला असतो. ह्या दोहोंच्या मध्यें पुष्कळ ठिकाणीं एक प्रमुख उपचारक असतो. योजना कागदावरून मुलाच्या जिवनांत उतरविणें, तरुण मदतनिसांस हातीं धरून शिकविणें व आईबापांस धीर देणें हें त्याचें काम. आपल्या देशांतहि विशेष शिक्षक व मानसोपचारतज्ज्ञ ही सेवा करीत आहेत, आणि अशा शिक्षणावर देखरेख करण्याकरितां १९९२ सालच्या कायद्यान्वयें भारतीय पुनर्वास परिषद कार्य करीत आहे.

कोणी म्हणेल, हें तर वैद्यांचें व पंतोजींचें काम. उपासनेच्या व्यासपीठावर त्याचें काय प्रयोजन? आमचें उत्तर असें कीं, अशीं मुलें आपल्या मंडळ्यांत आहेत, मात्र आपल्या बांकांवर नाहींत. तीं मागच्या खोलींत आहेत. रविवारीं त्यांची आई घरीं राहते आणि आपण तिला विचारीतहि नाहीं कीं, बाई, तूं उपासनेला कां येत नाहींस? ती एकदां आली होती. मूल ओरडलें, आणि बार्तीमयाला ज्यांनीं दटाविलें त्यांचीच भाषा तिला प्रभूच्या घरांत ऐकावी लागली. म्हणून ह्या उपचारकांच्या कामापासून प्रभूच्या मंडळीला चार गोष्टी शिकतां येतील, त्या आम्ही क्रमानें मांडतों.

पहिली गोष्ट ही कीं, वर्तन हें बोलणें आहे. जें मूल डोकें भिंतीवर आपटतें, हाताला चावतें, ताट भिरकावतें, त्याला आपण हट्टी, खोडकर किंवा पछाडलेलें म्हणतों. उपचारक असें कांहीं म्हणत नाहीं. तो वही घेऊन बसतो व तीन रकाने आंखतो: आधीं काय झालें, मुलानें काय केलें, नंतर काय झालें. असें कित्येक दिवस टिपल्यावर त्याला बहुधा चारांपैकीं एखादें कारण सांपडतें. मुलाला कोणाचें लक्ष हवें असतें. अथवा एखादी वस्तु हवी असते. अथवा न झेंपणाऱ्या कामांतून किंवा कर्कश आवाजांतून सुटका हवी असते. अथवा त्या हालचालीनेंच त्याच्या शरीराला बरें वाटत असतें. दांत दुखतो किंवा कान ठणकतो, पण सांगतां येत नाहीं, असेंहि असतें. म्हणून जाणता उपचारक प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करवितो.

१९८५ सालीं अमेरिकेंतील एडवर्ड कार व मार्क ड्युरंड ह्या दोन अभ्यासकांनीं एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. कांहीं मुलें पाठ कठीण झाला कीं दंगा करीत, तर कांहीं शिक्षकाचें लक्ष दुसरीकडे गेलें कीं करीत. त्यांनीं पहिल्या मुलांस मदत मागण्याचें व दुसऱ्यांस आपलें काम ठीक चाललें आहे कां असें विचारण्याचें वाक्य शिकविलें. मुलाला जें हवें होतें तें नेमकें मागण्याचा शब्द त्याला मिळाला, तेव्हां त्याचा दंगा पुष्कळ कमी झाला. शब्द दुसराच, म्हणजे त्याच्या गरजेशीं न जुळणारा, शिकविला असतां मात्र तो उपयोग झाला नाहीं. ज्याला बोलतांच येत नाहीं त्याला हाताची खूण किंवा चित्राचें पान देतात. बंधूंनो, बार्तीमयाच्या ओरडण्यावर लोकांचा उपाय त्याचें तोंड बंद करणें हा होता. प्रभूचा उपाय त्याला जवळ बोलावून मागूं देणें हा होता. कोणता उपाय खरा हें शास्त्रानेंहि सांगितलें व अनुभवानेंहि सिद्ध झालें.

दुसरी गोष्ट ही कीं, दोष शोधीत बसूं नये. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत शिष्य एका जन्मांधाला पाहून विचारतात कीं, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें तो प्रश्नच मोडून टाकिला. पाप ह्याचेंहि नव्हे व त्यांचेंहि नव्हे असें सांगून, ह्या मनुष्याच्या ठायीं देवाचें कार्य कसें प्रगट होईल, इकडे त्यानें त्यांचे डोळे वळविले. परंतु शिष्यांचा तो जुना प्रश्न मरत नाहीं. आपल्या गांवांत कोणी त्याला पूर्वजांचें पाप म्हणतो, कोणी गरोदरपणीं पाळलें नाहीं म्हणून ग्रहण लागलें म्हणतो, आणि कोणी आईच्या विश्वासांत उणीव होती म्हणून प्रार्थना ऐकिली गेली नाहीं असें म्हणतो. ह्यांत शेवटचें बोलणें ख्रिस्ती माणसाच्या तोंडीं असल्यामुळें सर्वांत क्रूर होय.

शिकलेल्यांनींहि हेंच केलें. १९४३ सालीं लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनीं ११ मुलांचें वर्णन करून स्वमग्नतेस प्रथम स्पष्ट रूप दिलें. परंतु त्यानंतरच्या वर्षांत, आईच्या मायेंत उब नसल्यामुळें मूल असें होतें, हें मत विद्वानांत पसरलें, आणि ब्रुनो बेटेलहाइम ह्यांनीं १९६७ सालच्या आपल्या ग्रंथानें त्याला मोठी प्रसिद्धि दिली. सहस्रावधि माता, आपणच आपल्या लेंकराचा नाश केला, ह्या खोट्या ओझ्याखालीं दडपून गेल्या. बर्नार्ड रिमलंड ह्या गृहस्थांनीं १९६४ सालींच ग्रंथ लिहून हें मत खोडून काढिलें होतें. ते स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक असून एका स्वमग्न मुलाचे पिता होते. स्वमग्नता ही मेंदूच्या घडणींतील भिन्नता आहे व तींत आनुवंशिकतेचा मोठा भाग आहे, हें आतां निश्चित झालें आहे. म्हणून, हे माते, जर कोणीं तुझ्याकडे बोट दाखविलें असेल, तर प्रभूनें तो प्रश्न फेटाळून लाविला आहे हें ध्यानांत ठेव आणि मस्तक वर कर.

तिसरी गोष्ट ही कीं, लहान पाऊल तुच्छ मानूं नये. मार्काच्या आठव्या अध्यायांत बेथसैदा येथील आंधळ्याची कथा आहे. प्रभूनें त्याचा हात धरून त्याला गांवाबाहेर नेलें. प्रथम हात ठेविला तेव्हां त्याला माणसें अस्पष्ट, झाडांसारखीं दिसलीं. दुसऱ्यानें हात ठेविल्यावर सर्व स्वच्छ दिसूं लागलें. ज्याला एका शब्दानें सर्व करितां आलें असतें, तो येथें दोन पायऱ्यांनीं चालला, आणि अर्धवट दिसण्याबद्दल त्यानें त्या मनुष्याला दोष दिला नाहीं.

डोळ्यांचीच एक गोष्ट ह्या विद्येच्या इतिहासांत आहे. १९६४ सालीं अमेरिकेंतील माँट्रोज वुल्फ, टॉड रिस्ली व हेडन मीस ह्यांनीं साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मोतीबिंदूमुळें त्याच्या डोळ्यांतील भिंगें काढिलीं होतीं. चष्मा न लाविला तर दृष्टि जाणार, आणि चष्मा तर तो तोंडाजवळहि येऊं देईना. त्यांनीं त्याच्यावर जबरदस्ती केली नाहीं. खोलींत चष्म्याच्या रिकाम्या चौकटी ठेविल्या. मुलानें चौकट उचलली कीं त्याला खाण्याचा घास मिळे. पुढें ती हातांत धरल्याबद्दल, पुढें चेहऱ्याजवळ नेल्याबद्दल, पुढें डोळ्यांवर ठेवल्याबद्दल. भिंगें त्यानंतर आलीं. शेवटीं तें मूल दिवसांतून सुमारें १२ तास चष्मा घालूं लागलें. जें काम एका उडीनें अशक्य होतें तें पुष्कळ बारीक पावलांनीं शक्य झालें.

उपचारकाचें रोजचें काम असेंच चालतें. हात धुणें आपणांस एक काम वाटतें; तो त्याचे आठदहा तुकडे करितो: नळ सोडणें, हात ओले करणें, साबण घेणें, चोळणें, धुणें, नळ बंद करणें, पुसणें. कधीं कधीं तो शेवटच्या तुकड्यापासून शिकवितो. बाकीचें सर्व आपण करून देतो व पुसणें तेवढें मुलावर सोंपवितो, म्हणजे काम पुरें केल्याचा आनंद पहिल्याच दिवशीं मुलाच्या पदरीं पडतो. आरंभीं तो हाताला हात लावून करवितो, मग नुसता स्पर्श करितो, मग बोट दाखवितो, मग दूर उभा राहतो. आपला आधार हळूहळू काढून घेणें हीच त्याच्या विद्येची कसोटी आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला जसा ख्रिस्ताच्या वाढण्यांत व आपल्या कमी होण्यांत आनंद वाटला, तसें ह्या सेवकाचें आहे: आपल्यावांचून मुलाचें चालावें, हेंच त्याचें यश. प्रमुख उपचारकाला तर हें दुप्पट लागू आहे. त्यानें सर्व स्वतः करून चालत नाहीं. त्याला मदतनिसाला शिकवावें लागतें आणि आईबापांना शिकवावें लागतें, कारण उपचारक कांहीं तासांचा, आई सर्व दिवसांची. ओरखडे व चावे सोसून, कित्येक आठवडे वहींतील रेघ जागची हलत नसतां, तो न रागावतां दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच चटईवर बसतो. रेघ हलत नाहीं तेव्हां तो मुलाला नव्हे, आपल्या योजनेला नांवें ठेवतो व ती बदलतो. पाळकांनो व संडेस्कूलच्या शिक्षकांनो, ह्या धीराचा थोडा अंश आपणांस मिळाला तर आपल्या मंडळ्यांचें किती कल्याण होईल!

चौथी गोष्ट नाजूक आहे, पण ती सांगितलीच पाहिजे: शिकविण्याचा अधिकार म्हणजे मोडण्याचा अधिकार नव्हे. ह्या विद्येच्या नांवावर एक काळा डागहि आहे. १९६०च्या दशकांत लॉस एंजल्स येथील विद्यापीठांत आयव्हर लोवास ह्यांच्या कामांत मुलांस चापट मारणें, व कांहीं प्रसंगीं विजेचा धक्का देणेंहि होतें. त्यांनींच १९८७ सालीं प्रसिद्ध केलें कीं, ज्या १९ बालकांस दर आठवड्याला सुमारें ४० तास शिकविलें, त्यांपैकीं ९ बालकें साधारण शाळेच्या पहिल्या इयत्तेंत इतरांप्रमाणें शिकूं लागलीं. तो आंकडा ऐकून जगभर आशा उत्पन्न झाली. परंतु कोणत्या मुलाला कोणतें शिक्षण द्यावयाचें ही वांटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, आणि पुढें इतरांस सरसकट तेवढें यश आलें नाहीं. म्हणून कोणी तुम्हांस अमुक महिन्यांत मूल पूर्ण बरें करून देतों असें सांगून शेत विकावयास लावील, तर त्याचें ऐकूं नका. मग तो पांढरा कोट घालणारा असो, अंगारा देणारा असो, किंवा हातीं शास्त्र घेऊन सभा भरविणारा असो.

जे स्वमग्न आतां प्रौढ झाले आहेत, त्यांच्यांतील पुष्कळांनीं लिहून ठेविलें आहे कीं, आम्हांला इतरांसारखें दिसावयास शिकविलें, पण त्यांत आम्हांला स्वतःला लपवावें लागलें व त्याचा आम्हांस फार शीण झाला. हें साक्षीचें बोलणें आहे; तें दटावून गप्प करूं नये. मूल आनंदानें हात फडफडवितें आणि त्यानें कोणालाहि इजा होत नाहीं, तर तें बंद करण्याची गरज मुलाची नसून आपल्या लाजेची आहे. तसेंच, प्रत्येक मोठ्या माणसाची प्रत्येक आज्ञा निमूटपणें पाळावयास शिकविलेलें मूल दुष्टाच्या हातीं सहज सांपडतें. चांगला उपचारक मुलाला "नको" म्हणावयासहि शिकवितो व तें "नको" मानतो. प्रभूला बार्तीमयाचें आंधळेपण दिसत नव्हतें काय? तरी त्यानें विचारलें. त्या विचारण्यांत त्या भिकाऱ्याचा मान होता. आणि जे नीतिसूत्रांतील छडीचा आधार घेऊन न समजणाऱ्या लेंकराला मारतात, त्यांनीं मेंढपाळाची काठी मेंढराला वाट दाखविण्याकरितां असते हें विसरूं नये. माराने मूल भितें. बोलावयास शिकत नाहीं.

आतां मंडळीनें काय करावें? प्रार्थना तर करावीच. पण प्रार्थना व उपचार ह्यांचें वैर नाहीं. बारा महिन्यांचें मूल बोबडे आवाज काढीत नसेल किंवा बोट दाखवीत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकहि शब्द बोलत नसेल, चोवीस महिन्यांपर्यंत दोन शब्द जोडून स्वतः बोलत नसेल, अथवा आलेलें बोलणें कोणत्याहि वयांत गमावूं लागेल, तर वाट न पाहतां सरकारी दवाखान्यांत दाखवावें. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्यांतून व सरकारी शाळांतून मुलांची तपासणी होते व पुढील उपचारासाठीं जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविलें जातें. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यांत २१ प्रकारच्या अक्षमता धरिल्या आहेत. स्वमग्नता व बौद्धिक अक्षमता त्यांत आहेत. अक्षमता ४० टक्के किंवा अधिक असल्याचा दाखला असेल त्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १९९९ सालच्या कायद्यानें स्थापिलेल्या राष्ट्रीय न्यासाची निरामय नांवाची आरोग्य विम्याची योजना असून तिची मर्यादा एक लाख रुपयांपर्यंत आहे. हे कागद भरण्यास अशिक्षित आईबापांना मंडळीच्या शिकलेल्या तरुणांनीं मदत करावी; तीहि उपासनाच आहे.

घरच्या वेदनेंतूनहि मोठें काम उभें राहतें. मुंबईंतील जय वकील शाळा १९४४ सालीं निघाली ती अशी, कीं वकील नांवाच्या पारशी कुटुंबांत जय ही मुलगी डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली होती, व तिच्याजोगी शाळा नव्हती. आपल्याला शाळा काढणें शक्य नसेल, परंतु मंदिरांत दाराजवळचा एक बांक अशा कुटुंबाकरितां राखून ठेवणें, ढोलकी व कर्ण्याचा आवाज कमी करणें, मूल उठून फिरूं लागलें तर मागें वळून न पाहणें, आणि महिन्यांतून एक दुपार मुलाजवळ बसून त्या आईला झोंप किंवा विसांवा देणें, हें कोणत्या मंडळीला अशक्य आहे?

पाळकीय भेटींत असे आईबाप आम्हांला एकच प्रश्न हळू आवाजांत विचारतात: आमच्यामागें ह्याचें कोण? बंधूंनो, ह्याचें उत्तर उपचारकाजवळ नाहीं. तो मुलाला सदरा घालावयास शिकवील, पण सदरा घातलेल्या मुलाला बसावयास जागा देणें हें आपलें काम. दावीद राजानें योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ ह्याला शोधून आणविलें. तो दोन्ही पायांनीं लंगडा होता. त्याचे पाय बरे झाल्याचें शास्त्रांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं; तो लंगडाच राहिला, आणि तरी नित्य राजाच्या मेजावर राजपुत्रांप्रमाणें जेवीत असे. पाय बरे होण्याची अट मेजाला नव्हती. ज्या मेजाभोवतीं आपण प्रभुभोजनाकरितां जमतों, त्याला तरी ती अट आपण कां घालावी?

हे दयाळू पित्या, ज्यांस आपलें मागणें शब्दांत सांगतां येत नाहीं अशा तुझ्या लेंकरांचें तूं ऐकतोस. त्यांच्या आईबापांचें खोटें ओझें उतरीव. त्यांच्याजवळ चटईवर बसणाऱ्या तुझ्या सेवकांस, ते तुला ओळखोत वा न ओळखोत, धीर व कोमल हात दे. आणि आम्हां मंडळीस असे कान दे, कीं जेथें आम्हांस गोंगाट ऐकूं येतो तेथें तुझ्याप्रमाणें आम्हींहि थांबावें, जवळ बोलवावें व विचारावें. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.